बहात्तर तासांचं गणित: महासाथीच्या निर्बंधांत छोटं विमान सीमेपलीकडे नेताना

मी वैमानिक नाही. गोव्यात, वास्कोला राहतो आणि छोट्या खासगी विमानांची कागदपत्रं करतो. फ्लाइट प्लॅन भरायचा, परवानग्या मिळवायच्या, इंधनाची गाडी सांगून ठेवायची, इमिग्रेशनच्या साहेबांच्या मागे लागायचं. २०२० ते २०२२ या काळात चार-सहा आसनी विमानं बाहेर पाठवायची जी कामं अंगावर आली, त्यांतून जे शिकलो ते इथे लिहितो आहे. जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी कोविडची आणीबाणी संपल्याचं जाहीर केलं आणि तेव्हाचे बहुतेक नियम आज बाद आहेत. तरी नव्याने लायसन्स काढलेली मुलं भेटली की विचारतातच, "काका, तेव्हा तुम्ही कसं केलंत?" पुन्हा कधी तशी वेळ आली तर फॉर्मची नावं बदलतील, कामाचा क्रम बहुधा हाच असेल.

आधी दोन फायली करा

२०२० च्या पावसाळ्यातली गोष्ट. माझी बहीण बांद्याला दिलेली. गोव्याच्या हद्दीवरचा पत्रादेवीचा नाका तिच्या घरापासून गाडीने दहा-पंधरा मिनिटांवर. ती आईला बघायला निघाली. गाडीचा पास होता, ड्रायव्हरचा होता, हिच्या नावाचा नव्हता. नाक्यावरच्या पोलिसाने शांतपणे सांगितलं, "बाय, गाडी जाऊ शकते, तू नाही." मला ते वाक्य पुढे दोन वर्षं पुरलं.

विमानाचं तंतोतंत असंच असतं. विमानाला जायची परवानगी आणि आतल्या माणसांना जायची परवानगी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दोन्ही वेगवेगळ्या खात्यांकडून येतात आणि ही खाती एकमेकांशी बोलत नाहीत. विमानाचं काम नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, हवाई वाहतूक नियंत्रण आणि हवाई दल बघतं. माणसांचं काम आरोग्य खातं, इमिग्रेशन आणि पलीकडच्या देशाचं सरकार बघतं. म्हणून पहिल्याच दिवशी दोन फायली करायच्या. एकीवर विमानाचा नोंदणी क्रमांक, दुसरीवर माणसांची नावं. विमानाची फाईल पूर्ण झाली म्हणून निम्मं काम झालं असं वाटतं. महासाथीत ते पावही झालेलं नसतं.

पलीकडून अलीकडे या

नवशिका माणूस गोव्यापासून सुरुवात करतो. हवामान काय, इंधन किती, निघायचं कधी. हे सगळं नंतर. पहिला प्रश्न असा की जिथे उतरायचं तिथे हे विमान या माणसांसह आज घेतील का? विमानतळ उघडा आहे एवढ्यावर विसंबू नका. भारताने २३ मार्च २०२० पासून नियमित आंतरराष्ट्रीय प्रवासी उड्डाणं थांबवली, ती २७ मार्च २०२२ लाच पूर्ववत झाली. त्या दोन वर्षांत मालवाहू विमानं ये-जा करत होती, विशेष परवानगीची उड्डाणं होत होती, परदेशात अडकलेल्यांना आणणारी वंदे भारत मोहिमेची विमानं येत होती. धावपट्टी चालूच होती, पण ती कोणासाठी चालू आहे हे दर वेळी विचारावं लागे.

मालदीवचं उदाहरण घ्या. त्यांनी १५ जुलै २०२० रोजी पर्यटकांसाठी दार उघडलं आणि आमच्याकडे लगेच चौकशा सुरू झाल्या. पुढच्या मे महिन्यात, १३ तारखेपासून, दक्षिण आशियातल्या पर्यटकांना त्यांनी थांबवलं. घोषणा आणि अंमलबजावणी यांत मोजके दिवस होते. ज्यांचं विमान सज्ज होतं त्यांचीही माणसं अडकली.

तेव्हा उत्तर लेखी घ्या. फोनवर "हो हो, या" म्हणणारा माणूस तुम्ही उतराल तेव्हा ड्यूटीवर नसतो. ईमेलमध्ये विमानाचा क्रमांक, तारीख, प्रत्येकाचं नाव, राष्ट्रीयत्व आणि मागच्या १४ दिवसांत तो कुठे होता हे लिहून विचारायचं, आणि आलेलं उत्तर छापून सोबत ठेवायचं. नोटॅम, म्हणजे वैमानिकांसाठीच्या सूचना, रोज वाचायचेच, पण पुष्कळसे आरोग्यनियम नोटॅममध्ये येतच नाहीत. ते आरोग्य खात्याच्या परिपत्रकात येतात, आणि परिपत्रक बहुधा शुक्रवारी संध्याकाळी निघतं.

मार्ग: नकाशावर सोपा, टाकीत अवघड

गोव्याच्या दाभोळी विमानतळाहून माले सरळ दक्षिणेला, साधारण ६७० नॉटिकल मैल. सेस्ना १७२ ची कागदावरची कमाल मजल याच्या आसपास, थोडी कमीच. राखीव इंधन धरलं तर तो विषय तिथेच संपला. मग कोचीत थांबायचं: गोवा ते कोची सुमारे ३५० मैल, कोची ते माले सुमारे ४००. श्रीलंकेला जायचं तर तिरुवनंतपुरमहून कोलंबो जेमतेम १९० मैल आहे. एक इंजिनवाल्यांना मी हाच रस्ता सुचवतो. कोची-माले पट्ट्यात मालदीवची बेटं येईपर्यंत वाटेत टेकायला काही नाही. लक्षद्वीपची एकुलती धावपट्टी अगत्तीला, ती पार पश्चिमेला, आणि तिथे पाय ठेवायला वेगळा परवाना.

इथे एक नियम नव्यांना माहीत नसतो. आपल्याकडे नियंत्रित हवाई क्षेत्रात किनाऱ्यापासून १०० नॉटिकल मैलांपलीकडे नुसत्या डोळ्यांच्या भरवशावर, म्हणजे व्हीएफआर उड्डाण करता येत नाही. तेव्हा मालेला जायचं तर वैमानिकाकडे इन्स्ट्रुमेंट रेटिंग, म्हणजे नुसत्या उपकरणांवर उडवायची पात्रता, हवी आणि विमानही तसं सज्ज हवं. लाइफ जॅकेट अंगावर घालून बसायचं, सीटखाली ठेवून नव्हे. तराफा हाताशी, आणि ४०६ मेगाहर्ट्झचा ईएलटी, म्हणजे अपघातात जागा कळवणारा रेडिओ, नोंदवलेला.

इंधनाचा घोळ वेगळाच. पिस्टन इंजिनाच्या छोट्या विमानांना लागणारं अ‍ॅव्हगॅस सगळीकडे मिळत नाही. २०२२ च्या सप्टेंबरात इंडियन ऑइलने देशी अ‍ॅव्हगॅस आणलं, त्याआधी सगळं परदेशातून यायचं, आणि जहाजं अडली की पिंपं अडायची. प्रत्येक थांब्यावर फोन करून किती लीटर शिल्लक आहे ते विचारा आणि सांगणाऱ्याचं नाव लिहून ठेवा. विमान एटीएफवर, म्हणजे जेटच्या इंधनावर, चालणारं असेल तर तुम्ही नशीबवान.

पर्यायी विमानतळ निवडताना महासाथीत एक प्रश्न वाढतो. हवामान बिघडून तिथे गेलो तर तिथले लोक आपल्याला उतरू देतील, हे खरं. पण पुढे काय? राज्याराज्यांचे नियम निराळे होते. कोचीऐवजी मंगळूरला उतरलात की केरळचे कागद घेऊन कर्नाटकात उभे. म्हणून पर्यायी ठिकाणाचेही आरोग्यफॉर्म आधीच भरून ठेवायचे. अर्थात आणीबाणी असेल तर यातलं काहीही मनात आणू नका. जिथे धावपट्टी दिसेल तिथे उतरा, विलगीकरणाचं नंतर बघू.

बहात्तर तास कुठून मोजायचे

या लेखातला हा भाग दोनदा वाचा, कारण इथे मी स्वतः आपटलो आहे.

आरटीपीसीआरचे ७२ तास नमुना घेतल्या क्षणापासून मोजतात, रिपोर्ट हातात आल्यापासून नव्हे. मडगावचे एक वयस्क गृहस्थ होते. मुलीचं बाळंतपण परदेशात, नियमित विमानं बंद, मित्राचं चार आसनी विमान होतं. त्यांनी मला फोन केला, "भाऊ, स्वॅब सोमवारी दिला, रिपोर्ट मंगळवारी संध्याकाळी आला. मंगळवारपासूनच मोजायचे ना?" मी दुसऱ्या फोनवर होतो. "हो, हो," म्हणालो.

पलीकडचा नियम होता, उतरण्याच्या वेळी रिपोर्ट ७२ तासांच्या आतला हवा. नमुना सोमवारी दुपारी ४ चा, म्हणजे मुदत गुरुवारी दुपारी ४ पर्यंत. गुरुवारी सकाळी निघायचं ठरलं होतं. आता दाभोळीची गंमत ऐका. हा नौदलाचा तळ आहे, आयएनएस हंसा. नागरी विमानं तिथे नौदलाच्या सोयीने चालतात, आणि कामाच्या दिवशी सकाळी साधारण साडेआठ ते दुपारी एक हा वेळ नौदलाच्या सरावाचा. दुसरीकडे व्हीएफआर उड्डाण सूर्योदयाच्या २० मिनिटं आधीपर्यंत करता येत नाही, आणि आमचा कोचीपर्यंतचा टप्पा व्हीएफआर होता. जानेवारीत गोव्यात सूर्य सातच्या सुमारास उगवतो. म्हणजे हातात जेमतेम पावणेदोन तासांची खिडकी.

त्या दिवशी झुआरीवरून धुकं वर सरकलं. सव्वासात, साडेसात, आठ. टॉवर दिसत नव्हता. सव्वाआठला दिसायला लागला, पण तोवर विमानाच्या पंखावरचं दव पुसायचं राहिलं होतं आणि एडीसी नंबर, म्हणजे हवाई संरक्षणाची मंजुरी, पुन्हा विचारून घ्यायचा होता. आठ वाजून चाळीस मिनिटांनी आम्ही सज्ज झालो आणि खिडकी बंद झाली. दुपारी एकनंतर निघून कोचीला चार. रिपोर्ट तिथल्या विमानतळावर उभ्या-उभ्याच मेला असता. त्या गृहस्थांनी काही बोलून दाखवलं नाही. डबा आणला होता, तो सगळ्यांना वाटला आणि घरी गेले. पुन्हा स्वॅब, पुन्हा परवानग्या, सहा दिवस गेले. नात तोवर जन्मली होती.

तेव्हापासून मी कागदावर आडवी रेघ ओढतो. डावीकडे स्वॅबची वेळ, उजवीकडे उतरण्याची वेळ, मध्ये प्रत्येक थांबा. सेस्ना ताशी ११५-१२० नॉट धरली तर कोची तीन तास, तिथे इमिग्रेशन, कस्टम्स आणि इंधनाला किमान दोन तास, पुढे साडेतीन तास. ही बेरीज झाली की त्यावर सहा तास उशिराचे टाकायचे. एवढं करूनही ७२ च्या आत बसलं तरच स्वॅबची वेळ पक्की. नाहीतर स्वॅब पुढे ढकला. आणि प्रयोगशाळा किती तासांत रिपोर्ट देते हे जाहिरातीवरून ठरवू नका, काल तिथे जाऊन आलेल्याला विचारा.

आणखी तीन प्रश्न लेखी विचारून घ्या. मुदत निघण्यापर्यंत धरता की उतरण्यापर्यंत? मध्ये थांबा असेल तर पहिल्या ठिकाणाहून की शेवटच्या? आणि वैमानिकाला वेगळा नियम आहे का? मालदीव ९६ तास म्हणायचं, परत येताना भारत ७२ म्हणायचा. जाण्याच्या रिपोर्टवर परत येऊ असं समजणारे भेटले आहेत.

वेळेचा अजून एक सापळा. फ्लाइट प्लॅन यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, भरतात, स्वॅबचा रिपोर्ट भारतीय वेळेत असतो, मध्ये साडेपाच तास. मालदीव यूटीसीच्या पाच तास पुढे, म्हणजे आपल्याहून अर्धा तास मागे. रेघेवर एकच वेळ वापरा. मी भारतीय वेळ लिहितो आणि यूटीसी लाल शाईने खाली.

रिपोर्टवरचं नाव पासपोर्टसारखं हवं, अक्षरन् अक्षर. आमच्या गोव्यात हा मोठाच ताप. घरी एक नाव, शाळेत दुसरं, पोर्तुगीज काळातल्या जन्मदाखल्यावर तिसरं. पासपोर्ट क्रमांक आणि क्यूआर कोड रिपोर्टवर आहे का ते प्रयोगशाळेच्या खिडकीतच बघून घ्या, घरी येऊन नाही.

विमानाची फाईल

ही सोपी. नोंदणी प्रमाणपत्र, उड्डाणयोग्यतेचं प्रमाणपत्र आणि त्याचं ताजं पुनरावलोकन, रेडिओचा परवाना, विमा, जर्नी लॉगबुक, वैमानिकांची लायसन्स आणि वैद्यकीय प्रमाणपत्रं, प्रवाशांची यादी. विम्याच्या पॉलिसीत कोणत्या देशांपर्यंत संरक्षण आहे ते वाचा, आणि सरकारने प्रवास टाळा असं सांगितलेलं असताना ते टिकतं का हे विमावाल्याकडून ईमेलवर घ्या.

फ्लाइट प्लॅन भरल्यावर दोन नंबर लागतात: एफआयसी आणि एडीसी. पहिला उड्डाण माहिती केंद्राचा, दुसरा हवाई संरक्षणाचा. तो नसताना उडालात तर चौकशी हवाई दल करतं. उशीर झाला की जुना नंबर चालेल असं गृहीत धरू नका, पुन्हा विचारा.

जनरल डिक्लेरेशन, म्हणजे विमान आणि आतली माणसं यांचं घोषणापत्र, ज्याला आम्ही जेन-डेक म्हणतो, त्याच्या किमान सहा प्रती काढा. त्यात आरोग्याचा एक भाग असतो. महासाथीपूर्वी सगळे तिथे डोळे मिटून 'काही नाही' लिहायचे. आत कोणी आजारी आहे का, ३८ अंश किंवा त्याहून जास्त ताप आहे का, विमानात कीटकनाशक फवारलं का, हे त्यात विचारलेलं असतं. हा भाग कोविडने आणलेला नाही. १९४४ च्या शिकागो कराराच्या १४ व्या कलमातच कॉलरा, देवी, पीतज्वर, प्लेग यांची नावं घेऊन विमानांतून रोग पसरू देणार नाही असं देशांनी मान्य केलं आहे. कागद जुनाच होता, वाचायला लोकांनी २०२० मध्ये सुरुवात केली.

एक विनंती. कर्मचाऱ्यांना नियम सैल असतात म्हणून मित्राला जेन-डेकवर 'क्रू' लिहू नका. बऱ्याच जणांना ही युक्ती सुचते आणि ती पहिल्याच खिडकीवर पकडली जाते. साहेब एवढंच म्हणतो, लायसन्स दाखवा.

विमान उभं राहिलेलं असेल तर

टाळेबंदीत विमानं महिनोन् महिने उभी राहिली आणि मध्ये आपला पावसाळा गेला. माणसाला खारी हवा मानवते, अ‍ॅल्युमिनियमला नाही. पण सगळ्यात जास्त त्रास दिला कुंभारणीने. मातीचं घर बांधणारी ती बारीक कमरेची माशी. विमानाचा वेग मोजणाऱ्या पिटो नळीचं तोंड तिला जणू तिच्यासाठीच केलेलं वाटतं. मी एकदा कव्हर नसलेल्या नळीत काडी घातली तर भाजलेल्या विटेसारखी कडक माती निघाली, आत अळी. ही नळी बंद असेल तर वेगाचा काटा खोटं बोलतो, आणि ते धावपट्टीवर वेग घेतल्यावरच कळतं. युरोपच्या विमान सुरक्षा संस्थेने २०२० मध्ये उभ्या विमानांबाबत याच कारणासाठी इशारा दिला होता. हे काम इंजिनिअरकडूनच करवून घ्या. काडी घालायला नको होती, हे मलाही नंतर ऐकवलं गेलं.

टाकीच्या तळातून इंधनाचा नमुना काढून पाणी बघा, बॅटरी बघा, टायरची चपटी बाजू बघा. वैमानिकही उभाच होता हे विसरू नका. एखादा तास स्थानिक उड्डाण करून, दोन-चारदा उतरून मगच समुद्रावर जा.

कॉकपिटमधली स्वच्छता

चार आसनांत अंतर कसलं राखणार? खांद्याला खांदा लागतो. म्हणून आधी काळजी घ्यायची. हेडसेट ज्याचा त्याचा. माइकवरचा फोमचा बोंडा प्रत्येक उड्डाणाला नवा. मास्कमधून बोललेलं टॉवरला धड ऐकू जात नाही. मास्क लावून जमिनीवर एकदा रेडिओ तपासा आणि माइक मास्कला चिकटवूनच बोला.

सॅनिटायझर मात्र काचेवर कधीही मारू नका. छोट्या विमानाची काच ही काच नसतेच, अ‍ॅक्रिलिक असतं. अल्कोहोल लागलं की त्यावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक चिरा पडतात. उन्हाकडे तोंड करून उतरताना त्या सगळ्या एकदम पेटल्यासारख्या चमकतात आणि धावपट्टी दिसेनाशी होते. एका हौशी मालकाने सगळं विमान 'निर्जंतुक' करून घेतलं आणि पुढची काच बदलावी लागली. सौम्य साबणाचं पाणी, मऊ फडकं. बाटली उन्हात तापणाऱ्या डॅशबोर्डवरही ठेवू नका.

परत येताना

परतीची तयारी जायच्या आधीच करायची. तिकडे गेल्यावर स्वॅब कुठे देणार, रिपोर्ट किती वेळात मिळतो, सुट्टीचा दिवस कोणता. ऑगस्ट २०२० पासून भारतात परतणाऱ्याला एअर सुविधा नावाच्या पोर्टलवर स्वयंघोषणा भरावी लागे, ती नोव्हेंबर २०२२ मध्ये बंद झाली. त्यावर आसन क्रमांक विचारायचे. चार आसनी विमानाला आसन क्रमांक कुठला? आम्ही १ए, १बी असं ठोकून द्यायचो आणि कधी कोणी हरकत घेतली नाही.

देशात आलात म्हणजे गोव्यात आलात असं नाही, हेही तेव्हा शिकलो. मे २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने १० तारखेपासून राज्यात येणाऱ्यांना निगेटिव्ह रिपोर्ट सक्तीचा केला. कोचीत इमिग्रेशन झालं, शिक्का बसला, आणि दाभोळीत उतरल्यावर पुन्हा नवा प्रश्न. त्यामुळे शेवटच्या टप्प्याचीही रेघ तशीच ओढा. आता गोव्याच्या नव्या विमानतळावर, मोपाला, नौदलाची सकाळ आडवी येत नाही, एवढी एक सोय झाली आहे. तिथून नियमित उड्डाणं ५ जानेवारी २०२३ ला सुरू झाली, म्हणजे आमच्या कामाला ती उशिराच आली.

उतरल्यावर फोटो काढत बसू नका, दाभोळी नौदलाचं आहे. विमान बांधा, सगळ्यांचे कागद एका पाकिटात घाला, पाकिटावर तारीख लिहा. कोणी पंधरा दिवसांनी पॉझिटिव्ह निघाला तर आरोग्य खातं त्याच्या शेजारी कोण बसलं होतं हे विचारायला तुमच्याकडेच येतं. आणि पिटो नळीचं लाल कव्हर घालूनच घरी जा. कुंभारीण तुमच्या मागोमाग कामाला लागते.